पूररेषा एकदाच आखून भागेल का? कोल्हापूर-सांगलीच्या पुराबद्दल

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं, तेव्हा गल्लीतली म्हातारी माणसंही म्हणाली, असा पूर पुन्हा यायचा नाही. दोनच वर्षांत, 2021 ला, 56 ओलांडले. नदीकाठच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या पूररेषांपैकी निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. हे हिशेब मागच्या नोंदींवर उभे असतात आणि नोंदीच बदलत चालल्यात. म्हणून रेषा, भिंती, धरणांतून पाणी सोडायचे नियम ठरावीक वर्षांनी तपासलेच पाहिजेत. लंडनजवळच्या थेम्स खाडीचा पूर आराखडा 2012 चा आहे आणि 2100 पर्यंतचा आहे, तरी दर दहा वर्षांनी तो पूर्ण तपासतात. समुद्राची पातळी आणि भिंतींची अवस्था सतत मोजतात. 2023 ला तर नदीच्या वरच्या भागातल्या भिंती उंच करायची मुदत 2065 वरून 2050 वर आणली. हे आपल्याकडे व्हायला हवं.

शिरोळचा शेतकरी
दादा, लंडनचं अर्धंच सांगितलंत. तिथं नदीवर दरवाज्यांचा मोठा बांध 1980 च्या दशकापासून उभा आहे. आधी संरक्षण झालं, मग आराखडा तपासत बसले. आम्हालाही आधी बांध हवा. आम्ही 2005, 2019, 2021 अशी तीनदा दावणीची जनावरं सोडवून रात्री बाहेर पडलो. पोंग्यात गाळाचं पाणी गेलं की ऊस संपला, सोसायटीचं कर्ज मात्र तसंच राहतं. ‘परिस्थिती बघून ठरवू’ हे ऐकून कान किटले. तुमची बदलती योजना म्हणजे आम्हाला आणखी दहा वर्षं थांबा म्हणणंच आहे.

गावभाग, सांगली
शिरोळकरांचा राग पटतो, पण भिंतीची मागणी नाही पटत. 2019 ला इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर होतं. सांगलीच्या बाजूला भिंत घातली तर ते समोर सांगलवाडीत चढणार, आणि खाली तुमच्याकडंच येणार. भिंत एकदा बांधली की तिच्या भरवशावर मागं घरं होतात, मग ती पाडताही येत नाही.

एक प्लॉटधारक
रेषा दर दहा वर्षांनी हलणार असेल तर घर बांधायचं कशाच्या जोरावर? सगळी पुंजी घालून, रीतसर परवानगी घेऊन बांधलेलं घर उद्या निळ्या रेषेच्या आत गेलं तर विकत कोण घेणार, बँक कर्ज कसं देणार? रेषा हलवणाऱ्यानं भरपाईचा नियमही त्याच कागदावर लिहावा.

पंचगंगाकाठ
भरपाईचं म्हणणं रास्त आहे, माझ्या लिहिण्यात ते राहिलं. शिरोळकर काका, थांबा असं मी म्हणत नाही. कुठलाही पूर आला तरी चुकीची ठरणार नाहीत अशी कामं आजच करायची. रस्त्यांचे भराव फोडून तिथं खांबांवरचे पूल करा. शिरोलीजवळ हायवेचा भराव पाणी तुंबवतो हे आम्ही दर पुरात डोळ्यांनी बघतो. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात ऑगस्टमध्ये पाणी किती ठेवायचं, हे दोन्ही राज्यांनी पावसाच्या अंदाजावरून रोज बसून ठरवावं, त्याला सिमेंट लागत नाही. भिंत, पाणी वळवायचा बोगदा, गाव उठवणं ही माघारी न फिरता येणारी कामं. ती मात्र ठरलेली पातळी ठरलेल्या वेळा ओलांडली, तरच.

शिरोळचा शेतकरी
भराव फोडायला माझा पाठिंबा. अलमट्टीचं म्हणाल तर 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनं त्या धरणाला दोष दिला नाही, ते आमच्या गळी उतरलेलं नाही. पण तो वाद ठेवू बाजूला. पातळी ओलांडली हे जाहीर कोण करणार? आणि त्याच वर्षाच्या बजेटात पैसा बांधून ठेवलेला असेल का? ते कायद्यात घाला, मग मी तुमच्या बाजूनं सही करतो. तोवर मला बांधच हवा, चुकीचा ठरला तरी.

गावभाग, सांगली
बांध चुकीचा ठरला, तर बुडणारं गाव तुमचंच असेल काका. म्हणून बांधाच्या बाजूनं मी सही करणार नाही.