धोंडू म्हणजे नुसता ‘दगड’ का?

दापोलीहून :
मुरूडच्या किनाऱ्यालगत आमचे चार खोल्यांचे होमस्टे आहे. गेल्या दिवाळीनंतर पिएर नावाचे एक फ्रेंच पाहुणे तेथे आठवडाभर राहिले. त्यांनी माडाखाली बसलेल्या माझ्या वडिलांचा फोटो काढला आणि त्याखाली लिहिण्यासाठी वडिलांच्या नावाचा अर्थ विचारला. वडिलांचे नाव धोंडू. मी सरळ ‘दगड’ असे सांगितले, तेव्हा पिएर हसून म्हणाले की त्यांचे नावही तेच, कारण फ्रेंचमध्ये दगडाला पिएरच म्हणतात. हे वडिलांना सांगितले, तर ते हसले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना नीट न्याहाळले आणि मला विचारले, ‘‘ह्याच्या आधी किती गेले?’’ आजीची तीन मुले वडिलांच्या आधी गेली होती. आता पिएर यांनी ती ओळ पत्राने मागितली आहे. शब्द जुळला, पण अर्थ जुळला नाही. अशा वेळी काय लिहावे?

मालवणहून :
शब्दही जुळलेला नाही. दगड हातात मावतो, भिरकावता येतो. धोंडा वाटेत आडवा येतो, म्हणून तर आपण ‘पायावर धोंडा पाडून घेतला’ असे म्हणतो. शिवाय धोंडू हे नाव दगडावरून आलेलेच नाही, असे माझे मत आहे. अधिक मासाला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मला तो धोंडू; माझ्या आजोबांचे नाव तसेच पडले होते. तेव्हा ‘अधिकात जन्मलेला’ असे लिहावे.

रत्नागिरीहून :
अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येतो आणि आमच्या पिढीपर्यंत एकेका वाडीत दोन-दोन धोंडू होते, त्या सर्वांना एका महिन्यात कसे बसवायचे? आणि दगडूचे काय? दगडाचा महिना तर कोणत्याही पंचांगात नाही. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही एका माळेतली नावे आहेत. मुले जगत नसत, तेव्हा पुढच्या मुलाला मुद्दाम टाकाऊ नाव देत, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूही त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही. महर्षी कर्वे 1858 साली जन्मले. त्यांचे धोंडो हे नाव त्या काळी कोणाला विचित्र वाटले नसेल. पिएरची गोष्ट नेमकी उलटी आहे. येशूने सायमन नावाच्या वयात आलेल्या शिष्याला अरामीत ‘केफा’ म्हटले, त्याचे ग्रीकमध्ये पेत्रोस झाले आणि फ्रेंचमध्ये पिएर. तो दगड पायाचा, ज्याच्यावर बांधायचे. आपला धोंडा दुर्लक्ष करण्याचा. भिकाजीला मात्र हिब्रूत चांगला जोडीदार आहे. शाऊल म्हणजे ‘मागून घेतलेला’. भिकाजीचे इंग्रजीत भाषांतर करणारे त्याला भिकारी करून मोकळे होतात, हे मी दोनदा पाहिले आहे.

रेवदंड्याहून :
आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची, कुटुंबे होती. त्यांच्या पूर्वजांनी या किनाऱ्यावर नावांचे भाषांतर केले नाही, नावांचा नाद तेवढा मराठीत आणला. अब्राहामचा अबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी, इसहाकचा इसाजी आणि यहेज्केलचा हसाजी. गंमत अशी की हसण्याचा अर्थ इसहाकच्या नावात आहे, कारण म्हातारपणी मूल होणार हे ऐकून त्याची आई सारा हसली होती. हसाजीच्या मूळ नावाचा अर्थ ‘देव बळ देतो’ असा आहे. अर्थांची अशी अदलाबदल झाली, तरी कोणाचे काही अडले नाही. फोटोखाली ‘धोंडू’ एवढेच लिहावे.

मालवणहून :
नाद नेला आणि अर्थ सोडला, तर आपण इतका वेळ कशासाठी लिहीत आहोत? थिओडोरला देवदत्त म्हटले तर तसूभरही फरक पडत नाही. म्हणजे भाषांतर होते, फक्त नाव तसे असावे लागते. आणि ‘होमस्टे’ कशाला? घरगुती निवास म्हणता येते.

दापोलीहून :
पाटीवर घरगुती निवास लिहिले होते. पाहुणे शेजारच्या होमस्टेकडे गेले. मूळ प्रश्नाकडे येतो. मी ‘मृत्यूने उचलू नये म्हणून आईने ज्याला दगड म्हटले तो’ असे लिहून वडिलांना वाचून दाखवले. त्यांना ते पटले, पण रेशनकार्डावर आपले नाव धोंडीराम आहे, तेच द्यावे, असे ते म्हणतात. शाळेत घालताना गुरुजींनी ते आपल्या मनाने लिहिले होते.

रत्नागिरीहून :
गुरुजींनी दगडात राम घातला. आता तुमची ओळ चालणार नाही.

मालवणहून :
धोंडीराम हे धोंडूचे शुद्ध रूप नव्हे, ते वेगळे नाव आहे. त्यातली ‘धोंडी’ कोठून आली, हे आधी ठरवावे लागेल.