अनुभव धागा: कमी खर्चात खोलीचे रूप पालटताना

दसरा जवळ आला की घरोघरी रंगकामाचा विषय निघतो आणि रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून बऱ्याच घरांत तो पुढच्या वर्षावर जातो. त्या आकड्यात मजुरीचा वाटा बहुधा साहित्यापेक्षा मोठा असतो, म्हणूनच एखादी खोली घरच्या माणसांनी हाती घेतली तर खर्च खरोखर आटोक्यात येतो. या धाग्यात असे अनुभव एकत्र करू या, प्रत्येकाने वर आपल्या गावाचे नाव लिहून. छटा कोणती निवडली हे तर सांगाच, पण त्या रंगाखाली काय होते तेही आवर्जून लिहा: चुना, जुना डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग), ऑइल पेंट की नवे प्लॅस्टर, ओल होती का, आणि असल्यास ती कुठून येत होती. ज्या खोलीवरून किमान एक पावसाळा गेला आहे तिचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रंगवल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक भिंत सुंदरच दिसते.

सुरुवात मीच करते. पुण्यातील आमच्या घरातली दहा बाय दहाची खोली सासूबाईंसाठी रंगवायची होती. नऊ फूट उंची धरली तर चार भिंतींचे 360 चौरस फूट होतात. दार आणि खिडकी वजा करून सुमारे 320 उरले. दोन हातांसाठी, म्हणजे रंगाच्या दोन थरांसाठी, इमल्शनचा (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा) चार लिटरचा डबा पुरला आणि डागडुजीपुरता रंग शिल्लकही राहिला. खरे कष्ट त्याआधीचे होते. भिंतीवर जुना डिस्टेंपर होता आणि हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागत होती. अशा भिंतीवर थेट इमल्शन लावले तर ते भुकटीला चिकटते, भिंतीला नाही, आणि वर्षभरात त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून ओल्या स्पंजने आणि पत्र्याच्या पट्टीने डिस्टेंपर खरवडून काढला, भेगा लांबीने (पुट्टीने) भरल्या, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि मगच प्राइमरचा (रंगाखाली द्यायच्या पहिल्या लेपाचा) हात दिला. या तयारीत रंगवण्यापेक्षा दुपटीहून जास्त वेळ गेला.

मुहूर्ताबद्दलही एक सुचवावेसे वाटते. सप्टेंबरमध्ये भिंतींनी पावसाळ्याची ओल अजून सोडलेली नसते आणि सणाच्या गर्दीमुळे रंगाऱ्यांचे दरही चढलेले असतात. शक्य असेल तर दिवाळीपुरती साफसफाई करून रंगाचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान काढावे.

सांगली

ताई, तुम्ही ओलीचा विषय काढलात म्हणून सविस्तर लिहितो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले आणि कित्येक दिवस तसेच राहिले. पाणी ओसरल्यावर सगळ्यांचीच इच्छा होती की दिवाळीपर्यंत घर पुन्हा घरासारखे दिसावे, आणि गल्लीतल्या पुष्कळ जणांनी लगेच लांबी आणि रंग लावूनही घेतला. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर गवंड्याने मात्र थांबायला सांगितले आणि भिंत तपासण्याची एक साधी रीत दाखवली. फूटभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा घेऊन तो चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघायचा. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असतील तर ओल भिंतीतूनच येत आहे आणि वरचा पृष्ठभाग कितीही कोरडा दिसला तरी त्यावर रंग टिकणार नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या तुकड्यावर आतून दव पडल्यासारखे थेंब होते. फेब्रुवारीत तो कोरडा निघाला, तेव्हा काम सुरू केले.

मधल्या काळात भिंत सुकत गेली तसतसा तिच्यावर पांढरा बुरा येत राहिला. ते पाण्याबरोबर आतून बाहेर आलेले क्षार होत. हा बुरा पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. कोरड्या कुंच्याने झाडून तो सुपलीत भरून बाहेर टाकावा. आम्ही दर आठवड्याला झाडत होतो आणि तो येणे थांबले हीच भिंत सुकल्याची दुसरी खूण मानली.

जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचे प्लॅस्टर फुगले होते, तेवढे पाडून नवे करावे लागले. जुने आणि नवे प्लॅस्टर जिथे मिळते तिथे भिंतभर एक उंचवट्याची रेघ राहिली आणि लांबी कितीही भरली तरी ती दिवा लावल्यावर दिसत असे. शेवटी त्या रेघेवरच दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी फिरवली, पट्टीखालचा भाग विटकरी आणि वरचा भाग फिकट बदामी केला. आता पाहुण्यांना ती मुद्दाम केलेली सजावट वाटते, आणि मलाही ती तशीच आवडते. पट्टी चिकटवलेली नाही; भिंतीत गिट्ट्या (स्क्रू धरून ठेवणारे खुंट) बसवून स्क्रूने आवळली आहे, म्हणजे पुन्हा गरज पडलीच तर ती काढता येईल. बसवण्यापूर्वी पट्टीच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांनासुद्धा प्राइमर लावून घ्यावा. न रंगवलेले लाकूड मागून ओल ओढते आणि पट्टी वाकते.

डोंबिवली

सांगलीकरांच्या पट्टीवरून माझा अनुभव सांगते. आमच्या बैठकीच्या खोलीत फर्निचर बदलण्याची ऐपत नव्हती, पण सोफ्यामागची भिंत फारच रिकामी आणि उदास वाटत असे. लाकडाच्या वखारीतून अर्धगोल बीडिंग पट्टी आणून त्या भिंतीवर तीन चौकटी केल्या आणि भिंत, पट्टी सगळे एकाच रंगात रंगवले. एकाच रंगामुळे चौकटी सावलीने उठून दिसतात आणि उन्हाची दिशा बदलली की भिंतही बदलल्यासारखी वाटते.

यात सगळी मदार कोपऱ्यांवर असते. पट्टीची टोके 45 अंशांत कापावी लागतात, आणि त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात खाचा पाडलेली लाकडी किंवा प्लॅस्टिकची पेटी मिळते. पट्टी तिच्यात ठेवून खाचेतून करवत चालवली की काप बिनचूक येतो. आडव्या रेषेसाठी गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी पाण्याने भरून वापरली. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच असते, त्या खुणांवर निळीत बुडवलेली दोरी ताणून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटते. आमच्या इमारतीचे छत एका बाजूला उतरते आहे, त्यामुळे छतापासून माप घेतले असते तर तिन्ही चौकटी तिरक्या झाल्या असत्या.

पट्टी फेविकॉल आणि बारीक चुका (छोटे खिळे) यांवर बसवली. पट्टी आणि भिंत यांमधली फट भरायला दुकानदार सिलिकॉनची नळी देऊ लागले तर घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. अ‍ॅक्रिलिकची नळी मागा. ती वाळल्यावर तिच्यावर रंग बसतो.

राजापूरजवळचे गाव

आमचे घर जांभ्या चिऱ्याचे आहे. पूर्वी कोणीतरी माजघराच्या भिंतींना कमरेइतका ऑइल पेंट दिला होता, पुसायला सोपा म्हणून. दर पावसाळ्यानंतर त्याचे हाताएवढे पोपडे पडत आणि दर वर्षी त्यावर पुन्हा तोच रंग चढत असे. चिरा जमिनीतली ओल वर खेचतो. ती ओल भिंतीच्या पृष्ठभागातून वाऱ्यावर उडून जायला हवी. ऑइल पेंट तिची वाट बंद करतो, मग ती रंगाला मागून ढकलते. हे एकदा समजल्यावर सगळा पेंट खरवडून काढला, उन्हाळाभर दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंत सुकू दिली आणि पावसाआधी चुना दिला.

चुन्याची पद्धत आता फार थोड्या लोकांना ठाऊक राहिली आहे, म्हणून नीट लिहितो. कळीचा (न विझवलेला) चुना लोखंडी पिंपात भिजवावा. पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा. उलट करू नये, कारण चुना विझताना पाणी अक्षरशः उकळते आणि शिंतोडे उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, हातांना खोबरेल तेल लावावे आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. काही दिवस मुरल्यावर तो जुन्या सुती कापडातून गाळावा आणि पातळ ताकाइतका करावा. हात लावल्यावर पांढरे लागू नये म्हणून आम्ही त्यात डिंकाचे पाणी घालतो, आणि शुभ्रपणासाठी चिमूटभर नीळ. भिंतीवर आधी पाणी शिंपडावे, मग पातळ हात द्यावा. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही आणि नवखा माणूस घाबरून जाड थर देतो. तसे करू नये, जाड थराला भेगा पडतात. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याचा पुन्हा दगड होतो आणि पांढरेपणा हळूहळू वर येतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, तिसरा त्याच्या पुढच्या दिवशी.

रंगच हवा असेल तर पिवडी (पिवळी माती) किंवा काव (तांबडी माती) मिसळावी. मातीचे हे रंग चुन्यात टिकतात, भडक रंग बरेचदा फिके पडतात. आमच्या माजघराला पिवडीची अगदी फिकट झाक आहे आणि जमिनीलगत कावेचा वीतभर पट्टा. साहित्याचा खर्च बाजारातल्या इमल्शनच्या मानाने अगदी किरकोळ आला. पावसाळ्यानंतर खालच्या बाजूला थोडी भुकटी सुटते, तेवढ्या भागाला दिवाळीत एक हात दिला की झाले. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर किंवा इमल्शनवर मात्र चुना धरत नाही, हे शहरातल्या मंडळींनी लक्षात घ्यावे.

पुणे

जुन्या घरांबद्दल एक काळजीची गोष्ट आहे आणि ती मी सर्वांना हात जोडून सांगते. आमच्या वाड्यातल्या लाकडी खिडक्यांवर ऑइल पेंटचे कितीतरी थर होते. एका कोपऱ्यात टवका उडाला तेव्हा हिरवा, त्याखाली करडा, त्याखाली पुन्हा हिरवा असे दिसले. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे हा नियम 2016 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2017 पासून तो लागू झाला. त्याआधीचे थर कोरडे घासले तर ती धूळ श्वासातून आणि हातांतून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाने होणारी हानी भरून येत नाही. गरोदर बाईलाही त्यापासून तितकेच जपले पाहिजे.

माझी नात तेव्हा रांगत होती. तिला आणि सुनेला माहेरी पाठवले, मग काम काढले. सगळे थर काढण्याच्या मागे लागलो नाही. जे सुटले होते तेवढेच पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासले, खाली जाड प्लॅस्टिक अंथरले, निघालेला गाळ कागदात गुंडाळून पिशवीत बंद केला, फरशी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली. जे थर घट्ट होते ते तसेच राहू देऊन त्यांवर प्राइमर आणि नवा रंग दिला. झाडू मारू नका आणि गरम हवेच्या यंत्राने असा रंग जाळून काढू नका, त्याची वाफही तितकीच घातक असते.

नागपूर

आमच्याकडे अडचण कूलरची आहे. खिडकीतल्या कूलरमुळे उन्हाळाभर त्या भिंतीला दमट वारा लागतो आणि खिडकीभोवतीचा रंग सगळ्यात आधी सुटतो. आम्ही खिडकीभोवती हातभर रुंदीचा पट्टा ऑइल पेंटने वेगळा रंगवला आणि त्याच्या कडेला पीव्हीसीची पट्टी लावली. राजापूरच्या दादांचे म्हणणे योग्यच आहे, पण इथे ओल बाहेरून लागते, भिंतीच्या आतून येत नाही, म्हणून इथे ऑइल पेंट चालतो. मे महिन्यात दुपारी इमल्शन लावू नये. रोलर परत फिरेपर्यंत कड वाळते आणि जोडाचे पट्टे कायमचे दिसतात.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथल्या भाड्याच्या घरांत बहुतेक भिंतींवर राउफाझर नावाचा, लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला खरबरीत कागद लावलेला असतो आणि तो पांढरा रंगवलेला असतो. घर सोडताना भाडेकरूने भिंती पुन्हा रंगवून द्याव्यात अशी अट करारात पुष्कळदा असते, त्यामुळे गडद रंग निवडण्याआधी करारपत्र वाचावे. गडद रंग पांढऱ्याने झाकायला जादा हात लागतात. आम्ही फक्त एक भिंत फिकट हिरवी केली. या कागदावर लांब लवीचा रोलर वापरावा, आखूड लवीच्या रोलरने खळगे पांढरेच राहतात. मास्किंग टेप रंग ओला असतानाच, सावकाश, भिंतीशी कोन करून ओढावी, म्हणजे कड फाटत नाही.

गिरगाव, मुंबई

चाळीतली दहा बाय बाराची खोली, पोटमाळ्यासह. आम्ही छत, भिंती आणि वायरिंगच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या यांना एकच मोतिया रंग दिला. पट्ट्यांना आधी पॉलिश पेपर मारून घेतला, नाहीतर रंग नखाने निघतो. भिंतीवरचे तुटक तुटक तुकडे दिसेनासे झाले आणि खोली उघडी वाटू लागली. फळ्यांच्या कच्च्या कडांना सागाची पातळ पट्टी लावली, एवढेच जास्तीचे काम.

चाळीत खोली रिकामी करून रंगवणे शक्य नसते. आम्ही एका वेळी एकच भिंत घेतली, सामान समोरच्या भिंतीकडे सरकवले, आणि रात्री गॅलरीकडचे दार उघडे ठेवून झोपलो. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, आतल्या हवेने त्यावर साय धरते. तो लहान काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरा आणि झाकणावर छटेचा क्रमांक, दुकानाचे नाव आणि महिना लिहून ठेवा. आमच्याकडे खिळ्यांच्या खुणा आणि मुलांच्या सायकलचे ओरखडे त्याच बरणीतून बुजवले जातात.