काळ्या लॅब्राडॉरचं नाक गुलाबी पडतंय, केसही तांबूस

प्रश्न (भूभूपालक): नर, 4 वर्षं, 31 किलो. डिसेंबरपासून नाकाच्या मधोमध गुलाबी पट्टा. पाठीवर, मांड्यांवर काळ्याचा तांबूस झालाय. खाज, जखम काही नाही. जेवण दूधपोळी, दहीभात, आठवड्याला दोन अंडी. लोक कोड म्हणतात. घरात क्लोबेटासोलचं (स्टेरॉइडचं) मलम आहे, लावू का?

काळंनाक: मलम नको. लावल्या लावल्या चाटून पोटात जाईल, आणि पुढे बायोप्सी (कातडीचा तुकडा काढून तपासणी) करायची वेळ आलीच तर स्टेरॉइडमुळे निदान धूसर होतं.

टॉर्च तिरका धरून नाक बघा. निरोगी नाकावर सीताफळाच्या सालीसारखी बारीक नक्षी असते. नक्षी शाबूत आणि फक्त रंग उतरलाय, तर बहुधा 'स्नो नोज'. लॅब्राडॉर, गोल्डन, हस्कीत नेहमीचं. थंडीत फिकं, उन्हाळ्यात बऱ्याचदा परत गडद. नक्षी पुसून नाक गुळगुळीत, राखाडी झालं, खपल्या आल्या, तर डिस्कॉइड ल्युपसची (शरीर स्वतःच्याच कातडीवर हल्ला करतं तो आजार) शंका घ्या. तो उन्हाने बळावतो.

कोड कुत्र्यांनाही होतं, रॉटवायलरमध्ये जास्त. नाकासोबत ओठ, पापण्या, कधी केसही पांढरे. खात्रीचा इलाज नाही, पण दुखत नाही, त्यामुळे लोक समजतात तेवढं ते गंभीर नाही.

पंजाछाप: केसांचं प्रकरण वेगळं. काळं रंगद्रव्य टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं. वाढीला पुरेल एवढं टायरोसिन केस काळेभोर ठेवायला पुरत नाही, म्हणून कुत्रा धडधाकट दिसतो आणि रंग मात्र उतरतो. नुसत्या दूधपोळीवर हे होऊ शकतं.

केस फुंकून मुळाशी बघा. मूळ काळं, टोकं तांबूस, तर ऊन किंवा गळायला आलेले जुने केस. मुळापासूनच तांबूस, तर संशय आहारावर. पोळी-भात कमी करून रोज 250–300 ग्रॅम उकडलेलं बोनलेस चिकन सुरू करा. कांदा-लसूण अजिबात नको. नुसत्या चिकनने कॅल्शियम, झिंक भागत नाही, म्हणून कायमसाठी संपूर्ण डॉगफूडच सोपं. फरक नवे केस येतील तेव्हाच, म्हणजे काही महिन्यांनी. केसांच्या रंगासाठी म्हणून तांब्याच्या गोळ्या मनाने देऊ नका, लॅब्राडॉरच्या यकृतात तांबं साठण्याची प्रवृत्ती असते.

शेपूटवाला: डोळे बघितलेत? लाल डोळे, मिचकावणं, उजेड सहन न होणं आणि जोडीला नाक-ओठ पांढरे पडणं, असं असेल तर त्याच दिवशी व्हेटकडे. या आजारात शरीर स्वतःच्याच रंगपेशींवर तुटून पडतं, दृष्टी जाऊ शकते. अकिता, हस्की, सॅमॉइडमध्ये जास्त.

बायोप्सी करावी लागलीच तर पूर्ण पांढऱ्या डागातून किंवा जखमेतून नको, राखाडी होत चाललेल्या कडेवरून घ्यायला सांगा. पांढऱ्यात रंगपेशी उरलेल्याच नसतात, मग अहवालात काय येणार? उन्हासाठी म्हणून नाकाला माणसांचं झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीनही नको, चाटल्यावर विषारी ठरतं.

भूभूपालक: नक्षी शाबूत, डोळे स्वच्छ. केस मात्र मुळापासून तांबूस.

पंजाछाप: मग चिकन आठवड्याभरात हळूहळू वाढवत न्या, एकदम दिलंत तर जुलाब होतील. नाकाचा फोटो दर पंधरा दिवसांनी, त्याच खिडकीपाशी.