पुन्हा: नागपूरच्या प्रूफमध्ये फोटो काळवंडलेत

प्रेषक: अंक समिती

नमस्कार मंडळी,
दिवाळी अंकाचं प्रूफ नागपूरहून आलं. दीक्षाभूमीचा स्तूप स्क्रीनवर लख्ख, कागदावर मळकट. संत्र्यांचं पान तर विटकरी दिसतंय. प्रेसवाले म्हणतात, फाइलच तशी आहे. फोटो चौघांनी आपापल्या मशीनवर एडिट केलेत. स्क्रीनचे रंग मोजणारा सेन्सर घ्यायला मंडळ तयार आहे, पण तो वापरायचा कसा?

प्रेषक: नागपूरहून, छपाई पाहणारा

ताई, या वेळी प्रेसवाले खरं बोलत आहेत जी. आधी स्क्रीनचा उजेड बघा. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून २५० ते ३५० कॅन्डेलावर (स्क्रीनच्या उजेडाचं माप, दर चौरस मीटरला) लावून येतात. एवढ्या उजेडात फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, आपण तो खाली ओढतो आणि कागदावर काळोख उतरतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० कॅन्डेला पुरतात.

मॉनिटर अर्धा तास तापू द्या. नाइट लाइट, ट्रू टोन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा ब्राइटनेस, सगळं बंद. मोड ‘कस्टम’ किंवा ‘यूजर’, कॉन्ट्रास्टला हात लावू नका. स्क्रीन किंचित मागे झुकवा म्हणजे सेन्सर सपाट टेकतो. फट राहिली की बाहेरचा उजेड शिरून काळ्याचं माप चुकतं. सेन्सरवरची पांढरी टोपी काढायला विसरू नका, ती खोलीचा उजेड मोजायला असते.

लक्ष्य: डी६५ (पांढऱ्याची ठरलेली छटा, सुमारे ६५०० केल्विन), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात त्याचं माप), १०० कॅन्डेला. उजेड मॉनिटरच्या बटणानं उतरवा. मग लाल-हिरवा-निळा यांपैकी जो जास्त आहे तो कमी करा, कुठलाही वाढवू नका. लॅपटॉपवर ही बटणं नसतात, तिथं सगळी दुरुस्ती ग्राफिक्स कार्डच्या कर्व्हमध्ये होते आणि आकाशात पट्टे दिसू शकतात. म्हणून शेवटचा हात लॅपटॉपवर नको.

आकडा जुळला तरी एक तपासणी राहतेच. ५००० केल्विनच्या, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर असलेल्या दिव्याखाली अंकाचा कोरा कागद धरा, शेजारी स्क्रीनवर पांढरी विंडो. स्क्रीन निळी वाटली तर व्हाइट पॉइंट, म्हणजे पांढऱ्याची छटा, ६०००कडे, हवा तर ५८००पर्यंत आणा आणि पुन्हा मोजा. इथे मे महिन्यात खिडकी कूलरनं झाकलेली असते, ते या कामाला बरंच आहे. तुमच्याकडे खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा ओढा.

प्रेषक: सदस्य, फोटो विभाग

दादा, एक भर. आपल्या दोन मॉनिटरची रंगांची रेंज अॅडोबी आरजीबीच्या (नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा जास्त रंग असलेल्या मानकाच्या) जवळ जाते. कॅलिब्रेशनच्या (सेन्सरनं मोजून स्क्रीन जुळवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा प्रकार चुकीचा निवडला, साध्या व्हाइट एलईडीवरच ठेवला, तर पांढऱ्यावर गुलाबी नाहीतर हिरवी झाक येते आणि रिपोर्ट मात्र उत्तम दाखवतो. डिस्प्लेकॅल या सॉफ्टवेअरमध्ये ही निवड ‘करेक्शन’खाली आहे.
शिवाय एका मशीनवर फोटोशॉपची वर्किंग स्पेस (फोटोचे रंग ज्या मानकात धरले जातात ते) म्हणून मॉनिटरचाच प्रोफाइल (त्या स्क्रीनच्या रंगांची मोजलेली फाइल) निवडलेला सापडला. मॉनिटरच्या प्रोफाइलची जागा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. फोटोशॉपमध्ये एसआरजीबी ठेवा.

प्रेषक: नागपूरहून, छपाई पाहणारा

मग निम्मा उलगडा झालाच. आता संत्रं. ते विटकरी होण्यामागे मॉनिटर एकटा नाही. एसआरजीबीतला तेजस्वी नारिंगी छपाईच्या चार शाईंत (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबी, पिवळा, काळा) बसतच नाही. सालीच्या उजळ भागात सायन शून्य, मॅजेंटा ५० ते ६०, पिवळा १०० असं काहीसं हवं. त्यात ८-१० टक्के सायन घुसला की साल मरगळते; तो फोटोशॉपच्या ‘सिलेक्टिव्ह कलर’मधून काढा. सावलीतला राहू द्या, नाहीतर फळ चपटं दिसेल.

प्रेसकडून त्यांच्या छपाईचा प्रोफाइल मागवून फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल त्याचा स्क्रीनवरचा अंदाज) लावा: सेटिंग ‘रिलेटिव्ह कलरीमेट्रिक’, ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ चालू. ‘सिम्युलेट पेपर कलर’वर टिक केली की फोटो एकदम फिका पडेल. घाबरून कॉन्ट्रास्ट वाढवू नका. मेनू आणि पॅलेट लपवून फोटो पूर्ण स्क्रीनवर बघा, डोळा मिनिटभरात जुळवून घेतो.

स्तूपाच्या उजळ बाजूचे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे २४०च्या आसपास हवेत. ते २५५ला, म्हणजे कमाल आकड्याला, गेले की तिथं शाईच पडत नाही, नुसता कागद उरतो. दुपारच्या फोटोत तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, संध्याकाळच्या फोटोत मात्र तसा हट्ट धरू नका.

चौघांचे मॉनिटर मोजून झाले की स्तूप आणि संत्रं ही दोनच पानं आधी पाठवा. अंकाच्याच कागदावर प्रूफ काढून घेतो.