खडू नको, मास्किंग टेप लावा

नाटकाच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला तालमीच्या हॉलच्या जमिनीवर खडूने सेट (भिंती, दारं कुठे येणार ते) खऱ्या मापात आखला की पुरे, असं काही जण म्हणतात. एका दिवसापुरतं ठीक, पण हालचाली बसवेपर्यंत खडू पायांनी पुसला जातो आणि आखलेली भिंत रोज अर्धा फूट सरकते. मास्किंग टेप वापरा, नाटकातल्या दर प्रवेशाला (सीनला) वेगळा रंग. आधी दर्शनी पडद्याची (रंगमंचाचा पुढचा पडदा जिथे पडतो ती) रेघ, मग तिच्यावर काटकोनात मध्यरेषा. काटकोन तपासायला एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, कर्ण बरोबर ५ आला पाहिजे. बाकी सगळी मापं या दोन रेघांपासूनच घ्या, हॉलच्या भिंतींपासून नाही. सेटचा कागदावरचा आराखडा अर्ध्या इंचाला १ फूट असेल तर अडीच फुटी दार कागदावर सव्वा इंचाचं दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ दारातच होतो. टेपमध्ये नुसती फट सोडतात, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवत नाहीत. मग रंगीत तालमीला दाराचा पल्ला (उघडणारी फळी) सोफ्याला अडतो आणि अख्खी एंट्री नव्याने बसवावी लागते. पल्ला उघडताना फिरतो ते पाव वर्तुळही आखा. लेव्हल (रंगमंचावरचा उंचवटा) असेल तर तिची उंची टेपवरच लिहून ठेवा, नाहीतर नट सपाट जमिनीवरच्या चालीला सरावतात. (लाकडी फरशीवरून टेप वेळेत काढा, डिंक राहतो.)