एपीए ७ आणि मराठी संदर्भ: झोटेरोतून यादी चुकीची येते

पाटचारी:
एका इंग्रजी नियतकालिकासाठी लेख पाठवायचा आहे. विषय महाराष्ट्रातल्या पाणीवापर संस्था, शैली एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भशैली) सातवी आवृत्ती. संदर्भ झोटेरोत (संदर्भ साठवून यादी तयार करणारी संगणक-प्रणाली) आहेत, मजकूर वर्डमध्ये. जवळपास एक तृतीयांश संदर्भ मराठी आहेत: पुस्तकं, शासन निर्णय, शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रबंध. 'संदर्भ शैलीनुसार नाहीत' एवढाच शेरा मारून लेख प्राथमिक तपासणीतूनच परत आला. अडचणी अशा:

१. एकाच लेखकाचा उल्लेख मजकुरात कुठे (कुलकर्णी, २०११) तर कुठे (एस. कुलकर्णी, २०१४) असा येतो.
२. वर्डमध्ये हाताने दुरुस्त केलं तरी रिफ्रेश केल्यावर जुनंच परत येतं.
३. 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र' यादीत 'महाराष्ट्र, जी. ऑफ' असं छापलं जातं.
४. मराठी पुस्तकांची नावं देवनागरीत द्यायची की रोमनमध्ये? पुस्तकावर फक्त शके असेल तर साल कोणतं लिहायचं?

तळटीप:
पहिल्या तिन्ही अडचणींचं मूळ वर्डमध्ये नाही, झोटेरोतल्या नोंदींत आहे. तिथे दुरुस्ती करा. वर्डमधली यादी दर रिफ्रेशला त्या नोंदींवरून नव्याने तयार होते, त्यामुळे तिथे हाताने केलेला बदल टिकत नाही. मजकुरातला उल्लेख हाताने बदललात तर झोटेरो विचारतो की तुमचा बदल ठेवू का. तिथे 'हो' म्हटलंत की तो उल्लेख पुढे आपोआप अद्ययावत होणं थांबतं. मग त्याच लेखकाचं त्याच सालचं दुसरं लेखन आल्याने २०१४ चं २०१४ए झालं तरी तिथे २०१४च राहतं, आणि हे सहजासहजी लक्षात येत नाही.

आद्याक्षराचं कारण असं. एपीएचा नियम आहे की एकाच आडनावाचे दोन वेगळे पहिले लेखक असतील तर मजकुरात आद्याक्षर द्यायचं. तुमच्याकडे एका नोंदीत पूर्ण नाव असेल, दुसरीत आद्याक्षरांमध्ये जागा नसेल, तिसरीत वडिलांचं नाव गळलं असेल. झोटेरोच्या दृष्टीने ही वेगवेगळी माणसं. मधल्या पट्टीत लेखकाच्या कॉलमवर क्लिक करून नोंदी लावून घ्या आणि एकाच व्यक्तीचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं करा. बिंदू, जागा, सगळं. 'डॉ.', 'प्रा.' काढून टाका. कुलकर्णी, पाटील, जोशी ही आडनावं आपल्याकडे इतकी आहेत की काही ठिकाणी खरोखरच दोन वेगळे लेखक निघतील. तिथे आद्याक्षर बरोबर आहे, काढू नका.

संस्थेच्या नावाचं सोपं आहे. लेखकाच्या रकान्याशेजारी एक छोटं बटण असतं, त्याने आडनाव-नाव असे दोन रकाने मिटून एकच रकाना होतो. त्यात नाव पूर्ण लिहा. मात्र शासन निर्णयाला 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र' हा लेखक देऊ नका. एपीएत निर्णय काढणारा विभाग हा लेखक, म्हणजे तुमच्याकडे बहुधा जलसंपदा विभाग, आणि शासन हे प्रकाशकाच्या जागी. नोंदीचा प्रकार 'रिपोर्ट' ठेवा. 'रिपोर्ट टाइप'मध्ये 'गव्हर्नमेंट रिझोल्यूशन' आणि 'रिपोर्ट नंबर'मध्ये निर्णयाचा क्रमांक टाका, म्हणजे दोन्ही शीर्षकानंतर कंसात येतात.

वेलांटी:
चौथ्या प्रश्नाबद्दल. एपीएत मराठी शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतर करून तिरप्या अक्षरात द्यायचं आणि त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अनुवाद. कंसातला मजकूर सरळ अक्षरात हवा. झोटेरोत अनुवाद शीर्षकाच्याच रकान्यात लिहिला की तोही तिरपा येतो. उपाय असा: चौकोनी कंसासकट तेवढा भाग तिरप्या अक्षरांच्या आय टॅगमध्ये, म्हणजे <i> आणि </i> यांच्या मध्ये घाला. आधीच तिरप्या असलेल्या शीर्षकात हा टॅग उलटा चालतो आणि अक्षरं सरळ होतात.

भाषेच्या रकान्यात मराठीचा एमआर हा कोड भरा. तो रिकामा असेल तर प्रत्येक शब्द कॅपिटल करणाऱ्या शैलींत लिप्यंतरित मराठीचाही प्रत्येक शब्द कॅपिटल होतो, 'आणि'सुद्धा. हा लेख उद्या दुसऱ्या शैलीत न्यायची वेळ आली तर याचा उपयोग होईल. त्याच कारणाने इंग्रजी शीर्षकंही झोटेरोत साध्या वाक्यासारखी साठवा: पहिलं अक्षर, उपशीर्षकाचं पहिलं अक्षर आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल. शब्द कॅपिटल करणं झोटेरोला जमतं, उलट दिशेने नीट जमत नाही, कारण विशेषनाम कोणतं ते त्याला कळत नाही. लेखांची शीर्षकं आणि नियतकालिकांची नावं यांचे नियम वेगळे आहेत, नियतकालिकाच्या नावात मुख्य शब्द कॅपिटलच राहतात.

शके: ७८ मिळवा. तारीख जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची असेल तर ७९. पुस्तकावर महिना असेल तर एकच साल निश्चित करता येतं. उदाहरणार्थ, शके १८३२ च्या कार्तिकातलं पुस्तक १९१० चं, माघातलं असेल तर बहुधा १९११ चं. पुनर्मुद्रण हाताशी असेल तर मजकुरात दोन्ही सालं तिरक्या रेघेने येतात, आधी मूळ, मग तुमच्या प्रतीचं. त्यासाठी 'एक्स्ट्रा' रकान्यात 'ओरिजिनल डेट' लिहून अपूर्णविरामापुढे (:) मूळ साल द्या.

पोथीशाळा:
वेलांटी यांच्या उत्तराला एक महत्त्वाची जोड. शास्त्रशुद्ध लिप्यंतर शीर्षकापुरतंच ठेवा, लेखकाच्या नावाला लावू नका. लेखक स्वतः इंग्रजीत आडनाव जसं लिहितो तसंच घ्या. नाहीतर एकाच माणसाची इंग्रजी आणि मराठी पुस्तकं यादीत दोन ठिकाणी विखुरतात आणि तळटीप यांनी सांगितलेला आद्याक्षरांचा घोळ पुन्हा सुरू होतो. शीर्षकासाठी रोमन अक्षरांच्या खालीवर उच्चारचिन्हं देण्याची पद्धत घ्या किंवा बिनचिन्हांची, पण पूर्ण लेखात एकच.

प्रबंधांबद्दल: शोधगंगेवर प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. त्यातली एखादी फाइल झोटेरोत ओढली की नोंद अपुरी तयार होते. नोंदीच्या पानावरून घ्या आणि १०६०३ ने सुरू होणारा कायमचा हँडल दुवा वापरा. नोंदीचा प्रकार 'थीसिस', त्यातल्या 'टाइप'मध्ये 'डॉक्टरल डिसर्टेशन', विद्यापीठ त्याच्या रकान्यात, 'अर्काइव्ह'मध्ये शोधगंगा. साल प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचं घ्या, अपलोडची तारीख नको.

पाटचारी:
आभार. नावं सारखी केल्यावर आद्याक्षरं गेली. आता दोन शंका. काही ठिकाणी चार लेखक असूनही पहिल्यानंतर थेट 'एट अल' (आणि इतर) येण्याऐवजी दोन नावं येतात. आणि मराठी नियतकालिकांतल्या लेखांना डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) नाही, तिथे काय लिहायचं?

तळटीप:
दोन नावं येतात ते बरोबर आहे. तीन किंवा अधिक लेखक असतील तर सातव्या आवृत्तीत पहिल्याच उल्लेखापासून 'एट अल' येतं, पण पहिला लेखक आणि साल सारखं असलेले दोन लेख असतील तर ते वेगळे कळेपर्यंत पुढची नावं द्यावी लागतात. यादीत मात्र २० लेखकांपर्यंत सगळी नावं हवीत.

डीओआय नसेल तर तिथे काहीच लिहू नका, 'उपलब्ध नाही' असंही नाही. पण इंग्रजी लेखांचे डीओआय क्रॉसरेफच्या (डीओआय नोंदवणारी संस्था) शोधात एकदा तपासा. पुष्कळदा असतो आणि आपल्या नोंदीत नसतो. तिथून आयात केलेल्या नोंदींत कधी लेखकाचं नाव सगळं कॅपिटलमध्ये येतं, तेही बघा.

पाठवण्याआधी फाइलची प्रत करा आणि त्या प्रतीतच झोटेरोशी असलेली जोडणी तोडणारा 'अनलिंक सायटेशन्स' हा पर्याय वापरा. हे परत जोडता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. परीक्षकांच्या सूचनांनंतरचं काम तिच्यातच करायचं आहे. हाताने टंकलेला एखादा उल्लेख मजकुरात राहिला असेल तर तो यादीत आलेला नसतो, त्यामुळे प्रतीत कंसातली सालं शोधत जा आणि प्रत्येक नाव यादीशी ताडून बघा.