अकरावीच्या मुलांना मालवणला स्नॉर्कलिंगला न्यायचंय, तयारी कशी करू?

जीवशास्त्र_सांगली:
डिसेंबरात अकरावीची २२ मुलं घेऊन मालवणला जायचं ठरतंय. तोंड पाण्यात ठेवून, नळीतून श्वास घेत प्रवाळ आणि त्यातले मासे मुलांनी स्वतः बघावेत एवढीच इच्छा. निम्मी मुलं कृष्णेत पोहणारी आहेत, त्यांची काळजी नाही. पण सहलीला गेलेली पुण्याची कॉलेजची मुलं समुद्रात बुडाली, ती २०१६ ची मुरुडची दुर्घटना पालकांच्या मनातून जात नाही. कुणी मुलांना नेलंय का?

घाटावरचा_मास्तर (सातारा):
मॅडम, मी सहा वेळा नेलंय. ज्यांची काळजी नाही म्हणताय, त्यांचीच जास्त करा. न पोहणारं पोर रिंग सोडत नाही. नदीत पोहणारं सोडतं, आणि दमलं की पाय टेकायला जागा शोधतं. नदीत पाय टेकला की जीव भांड्यात पडतो, ती सवय अंगात मुरलेली असते. इथे पायाखाली जो दगड वाटतो तो जिवंत प्रवाळ असतो.

दुसऱ्या वर्षी वाईचा एक पट्टीचा पोहणारा मुलगा असाच उभा राहिला आणि ताटाएवढा तुकडा मोडला. गोल गड्ड्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, हे मीच त्यांना वर्गात शिकवलं होतं. पोरगं त्या रात्री जेवलं नाही. चूक माझी होती, मी सराव घेतला नव्हता.

तेव्हापासून दोन रविवार तलावावर नेतो. पोहायचं नाही. तोंड पाण्यात, नळीतून श्वास, दहा मिनिटं पाय न टेकता नुसतं तरंगायचं. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला तेवढा वेळ लागतोच. दमेकरी मुलांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

तारीख पंचांग बघून ठरवा. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, पाण्याला ओढ कमी आणि गाळही कमी ढवळतो. पुनव-अवसेचं उधाण टाळा. सकाळी लवकर उतरा, दुपारी वारा सुटतो.

आणि माशांची नावं मोजायला लावू नका. जोडीला एकच मासा द्या, दहा मिनिटं तोच बघायचा. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कट्कट् आवाज पाण्यात ऐकू येतो. तो ऐकून वर आलेल्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

मिरजेतली_मालवणी:
सरांचं बरोबर आहे. एक भर घालते. होडीवाल्या दादांना पैसे ठरवतानाच सांगा, माशांना पाव टाकायचा नाही. पावावर झुंबड उडते ती काळ्या पट्ट्यांच्या माशांची, बाकीचे काय करतात ते दिसतच नाही. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचे टीशर्ट घाला. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, मेलेला प्रवाळही पिशवीत यायला नको. घरी परतताना पिशव्या बघाच.

जीवशास्त्र_सांगली:
सर, आमची तारीख नेमकी पौर्णिमेची होती. आज प्राचार्यांशी बोलून आठवडाभर पुढे ढकलली. तलावाचे दोन रविवारही मिळाले. पोहणाऱ्या अकरा जणांना पहिल्या रविवारी बोलावलंय.